विनाअट आत्मस्वीकार

विनाअट आत्मस्वीकार (पर्यायी संज्ञा: बिनशर्त स्वस्वीकार) ही मानसोपचारशास्त्रातील एक संकल्पना आहे. राग, मत्सर, लोभ, भित्रेपणा, वासना, सूडभावना या स्वतःमधील नकोशा बाजू नाकारण्याऐवजी त्या आहेत हे मान्य करणे आणि त्या आहेत म्हणून स्वतःला संपूर्णपणे वाईट न ठरवणे, असा तिचा आशय आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीत तिला मध्यवर्ती स्थान आहे. महाराष्ट्रात ही संकल्पना मुख्यतः मुंबई–ठाणे परिसरातील मानसशास्त्रज्ञ व मनोविकारतज्ज्ञांनी मराठीत आणली. त्यात मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके आणि ठाण्यातील मनोविकारतज्ज्ञ आनंद नाडकर्णी ही नावे प्रमुख आहेत.

संकल्पनेचा गाभा एका भेदावर उभा आहे. कृतीचे मूल्यमापन करता येते आणि करावे, पण कृतीवरून संपूर्ण व्यक्तीचे मूल्यमापन करू नये. खोटे बोलणे चूक आहे हे विधान तपासून पाहता येते, मात्र ‘मी वाईट माणूस आहे’ या विधानाला पुरावा कोणता आणि खंडन कोणते, हे ठरवता येत नाही.

संज्ञा आणि भाषा

‘विनाअट’ या शब्दावर या संकल्पनेत विशेष भर आहे. यश मिळाले, लोकांनी वाखाणले किंवा आपण सद्‍गुणी वागलो म्हणून स्वतःला पसंत करणे याला एलिस आत्मसन्मान म्हणत. तो सशर्त असल्यामुळे पुढच्या अपयशापर्यंतच टिकतो, असे त्यांचे म्हणणे होते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका पुस्तकाच्या शीर्षकातच आत्मसन्मानाला ‘मिथक’ म्हटले आहे.

एका कृतीवरून संपूर्ण माणसाची पाटी तयार करण्याची सोय मराठी भाषेत मुबलक आहे. खोटे बोलणारा तो खोटारडा, चिडणारा चिडखोर, अधिक मागणारा हावरट, भांडणारा भांडकुदळ. ही विशेषणे लहान मुलांना घरात सहज चिकटवली जातात आणि पुढे ती व्यक्ती तीच पाटी स्वतःच्या गळ्यात घालून फिरते. ‘मी चुकलो’ आणि ‘मी चुकीचाच आहे’ या वाक्यांत व्याकरणदृष्ट्या फारसे अंतर नाही, पण पहिल्यात घडलेल्या गोष्टीची नोंद आहे आणि दुसऱ्यात माणसाचा निकाल. एलिस यांनी हा विचार घडवताना आल्फ्रेड कोर्झिब्स्की यांच्या भाषाविषयक सिद्धान्ताचा आधार घेतला होता. ‘आहे’ या क्रियापदाने माणूस आणि त्याचा एखादा गुण यांचे समीकरण मांडले जाते, आणि त्यातून विचारांची गफलत होते, हे त्या सिद्धान्तातील एक प्रमुख सूत्र आहे.

याच अनुषंगाने मराठीतील ‘च’ हे अव्यय लक्षणीय ठरते. ‘माझ्या मनात वाईट विचार येऊ नयेत’ ही इच्छा आहे. ‘येताच कामा नयेत’ हा हट्ट आहे. विवेकनिष्ठ पद्धतीनुसार भावनिक त्रासाचा उगम इच्छेत नसून हट्टात असतो. इंग्रजीत त्यासाठी स्वतंत्र क्रियापद लागते, मराठीत एका अक्षरात काम भागते.

पार्श्वभूमी

भारतीय परंपरेत मनाच्या अंधाऱ्या बाजूंसाठी रूढ असलेली संज्ञा षड्‍रिपू ही आहे. काम, क्रोध, लोभ, मोह, मद आणि मत्सर हे सहा ‘रिपू’ म्हणजे शत्रू मानले गेले आणि त्यांच्याशी करावयाचा व्यवहारही युद्धाच्या भाषेतच सांगितला गेला: जिंकणे, दमन करणे, निग्रह करणे. भगवद्‍गीतेच्या सोळाव्या अध्यायात काम, क्रोध आणि लोभ यांना नरकाची तीन द्वारे म्हटले आहे. तथापि परंपरा एकसुरी नाही. याच परंपरेने ‘काम’ हा चार पुरुषार्थांपैकी एक मानला, म्हणजे एकच वृत्ती एका यादीत शत्रू आणि दुसऱ्या यादीत जीवनाचे उद्दिष्ट आहे.

मराठी संतसाहित्यात दोन्ही सूर आढळतात. समर्थ रामदासांच्या ‘मनाचे श्लोक’ या २०५ श्लोकांच्या रचनेत उपदेश विकार सोडण्याचाच आहे, परंतु ज्या मनाला तो केला आहे त्याला ‘सज्जन’ म्हणून हाक मारलेली आहे. ज्याला सुधारायचे त्याला आधी चांगले म्हणायचे, ही पद्धत आधुनिक समुपदेशकालाही परकी वाटणार नाही. संत तुकारामांच्या अनेक अभंगांत स्वतःच्या दोषांची उघड कबुली आहे आणि ती लपवून देवासमोर उभे राहण्याचा प्रयत्न नाही. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी मनाला दिलेली उपमा शेतकऱ्याच्या अनुभवातील आहे. हाकलले तरी पुन्हा पिकात शिरणारे गुरू कोणाही शेतकऱ्याला ठाऊक असते, आणि ते शिरले म्हणून कोणी त्याला कसायाकडे देत नाही.

पाश्चात्त्य मानसशास्त्रात या विषयाची मांडणी स्विस मनोविश्लेषक कार्ल गुस्ताव युंग (१८७५–१९६१) यांनी ‘छाया’ या संकल्पनेतून केली. स्वतःबद्दलच्या प्रतिमेत न बसणारे सर्व काही माणूस मनाच्या मागच्या खोलीत ढकलतो आणि तेच त्याची छाया बनते. ती नाहीशी होत नाही, तर इतरांवर आरोपित होते. जे स्वतःत पाहवत नाही ते शेजाऱ्यात चटकन दिसते. ‘चोराच्या मनात चांदणे’ या म्हणीत हे निरीक्षण युंग यांच्या कितीतरी आधी नोंदले गेले आहे. १९३७ च्या अखेरीस युंग भारतात आले होते. भारतीय विज्ञान परिषदेच्या कलकत्ता येथील रौप्यमहोत्सवी अधिवेशनाच्या निमित्ताने त्यांना आमंत्रण होते.

युंग यांची छाया आणि एलिस यांचा आत्मस्वीकार या एकाच गोष्टीच्या दोन आवृत्त्या नव्हेत. युंग यांना स्वप्ने, प्रतीके आणि पुराणकथा यांच्यावाटे छायेची ओळख करून घ्यायची होती. एलिस यांना अबोध मनाच्या उत्खननात फारसा रस नव्हता. माणूस या क्षणी स्वतःला काय सांगतो आहे, एवढेच ते तपासत.

आल्बर्ट एलिस आणि विवेकनिष्ठ पद्धती

एलिस यांनी मनोविश्लेषणापासून दूर जाऊन १९५५ च्या सुमारास आपली पद्धत मांडली. एपिक्टेटस आणि मार्कस ऑरेलियस या स्टोइक तत्त्वज्ञांचा, तसेच ईश्वरशास्त्रज्ञ पॉल टिलिक यांच्या लेखनाचा तिच्यावर प्रभाव आहे. पद्धतीचे मूळ सूत्र तीन पायऱ्यांचे आहे: घटना, त्या घटनेविषयीचा दृष्टिकोन आणि त्यातून होणारा भावनिक परिणाम. घटना थेट परिणाम घडवत नाही. मधला दृष्टिकोन तो घडवतो.

या सूत्राचा आत्मस्वीकाराशी असलेला संबंध एका विशेष टप्प्यावर स्पष्ट होतो. माणूस आधी एखाद्या गोष्टीवर रागावतो आणि मग आपण रागावलो म्हणून स्वतःवर रागावतो. चिंता वाटते, आणि चिंता वाटते याचीच चिंता लागते. एलिस यांनी याला दुय्यम त्रास मानले, आणि अनेकदा उपचाराची सुरुवात या दुसऱ्या थरापासून करावी असे सुचवले. वरचा थर दूर केल्याशिवाय खालच्या भावनेला हातच लागत नाही.

स्वतःला कसे स्वीकारावे याची एलिस यांनी दोन उत्तरे दिली आहेत. सोपे उत्तर असे की, मी जिवंत आहे व माणूस आहे एवढ्या कारणाने मी चांगला आहे. त्यांना अधिक पसंत असलेले उत्तर कठीण आहे. मी चांगलाही नाही आणि वाईटही नाही, माझे एकत्रित मोजमाप होऊच शकत नाही. मोजायचे तर माझ्या कृती, गुण आणि सवयी वेगवेगळ्या मोजाव्यात. मानवतावादी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्याशी त्यांचा मतभेदही येथेच होता. उपचारकाने रुग्णाचा विनाअट स्वीकार करणे रॉजर्स यांना अत्यावश्यक वाटे. उपचारकाने स्वीकारले म्हणून मी बरा, असे रुग्णाला वाटू लागले तर तीही एक अटच झाली, असा एलिस यांचा आक्षेप होता.

एलिस स्वतः तरुणपणी स्त्रियांशी बोलण्यास अत्यंत लाजत. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जाऊन बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी बोलायचे ठरवले. त्यांनी सांगितल्याप्रमाणे सुमारे शंभर जणींशी संभाषण झाले, त्यांपैकी एकीने भेटण्याचे कबूल केले आणि तीही आली नाही. नकाराने आपण संपत नाही, हा धडा मात्र त्यांना मिळाला. याच अनुभवाच्या धर्तीवर पुढे त्यांनी रुग्णांना लाज घालवण्याचे प्रयोग दिले. भर रस्त्यात केळ्याला दोरी बांधून फिरवणे हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध.

एक उदाहरण

संकल्पना पुस्तकी वाटू नये म्हणून समुपदेशनात अनेकदा दिसणाऱ्या परिस्थितीचे एक काल्पनिक उदाहरण घेता येते. ठाकुर्लीत राहणारी एक मध्यमवयीन स्त्री मुंबईत नोकरी करते. जाण्यायेण्यात रोज धीम्या लोकलचे तीन तास जातात. घरी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली सासू आहे. रात्री दोनदा उठून तिची कूस बदलावी लागते, कपडे बदलावे लागतात. तिसऱ्या वर्षी एका रात्री त्या स्त्रीच्या मनात येते, ‘सुटावी आता एकदाची.’ दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःची शिसारी येते.

येथून पुढे जे घडते ते मूळ विचारापेक्षा अधिक हानिकारक असते. आपण दुष्ट आहोत असे ठरल्यावर तिला प्रायश्चित्त हवे असते. दिवसा मदतीला बाई ठेवण्याचा नवऱ्याचा प्रस्ताव ती नाकारते, नणंदेला काही दिवस येऊन राहायला सांगत नाही आणि सर्व काही एकटीने करू लागते. झोप आणखी कमी होते. मग एखाद्या सकाळी अंग पुसताना हात जरा जास्त जोरात पडतो. त्यावर पुन्हा शिसारी, पुन्हा प्रायश्चित्त.

विवेकनिष्ठ समुपदेशक येथे ‘तुमच्या मनात तसे नव्हतेच’ असे सांत्वन करत नाही, कारण तसे मनात होते. तो विचार उलगडून दाखवतो. त्या ‘सुटावी’मध्ये सासूच्या हालांचा अंत व्हावा ही इच्छा आहे, स्वतःची सुटका व्हावी ही इच्छाही आहे, आणि सर्वांत वर तीन वर्षांचा थकवा आहे. यांपैकी कोणतीही इच्छा अमानुष नाही. विशेष म्हणजे मृत्यूनंतर हेच क्रियापद समाजाला चालते. ‘सुटली बिचारी’ असे भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणतो आणि त्यात कोणाला पाप दिसत नाही. जे दहाव्या दिवशी सर्वजण मोठ्याने म्हणणार, ते आदल्या महिन्यात मनात आले एवढाच त्या स्त्रीचा अपराध असतो.

विचार मान्य झाल्यावर त्याच्यामागची गरज बोलता येते. आठवड्यातून दोन रात्री मला सलग झोप हवी, असे ती नवऱ्याला सांगू शकते. जोरात पडलेला हात ही मात्र कृती आहे, विचार नाही. ती चूक होती, तिची खंत वाटणे योग्य आहे आणि ती पुन्हा होऊ नये याची व्यवस्था करणे तिच्याकडे येते. विवेकनिष्ठ पद्धतीत खंत आणि अपराधगंड यांत हाच फरक केला जातो. खंत कृतीकडे पाहते आणि दुरुस्तीकडे नेते, अपराधगंड कर्त्याकडे पाहतो आणि त्याला जागच्या जागी खिळवतो.

नको असलेल्या विचारांविषयीचे संशोधन

‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण मराठीत आप्तांच्या काळजीसंदर्भात वापरली जाते, पण तिच्यातील निरीक्षण मानसशास्त्राने प्रयोगांतून पडताळलेले आहे. एस. रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा यांनी १९७८ मध्ये दाखवले की मंत्रचळेपणाच्या रुग्णांना छळणारे हिंसक, अश्लील वा धर्मबाह्य विचार आणि सर्वसामान्य माणसांच्या मनात येणारे विचार यांच्या आशयात फारसा फरक नसतो. फरक असतो तो त्यांची वारंवारता, तीव्रता आणि ते झटकून टाकता येण्याची क्षमता यांत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १३ देशांतील ७७७ विद्यार्थ्यांच्या अभ्यासात सुमारे ९४ टक्के जणांनी मागील तीन महिन्यांत असा किमान एक विचार आल्याचे सांगितले. फलाटावर उभे असताना येणाऱ्या गाडीपुढे कोणाला ढकलण्याचा विचार क्षणभर चमकून जाणे, हे या प्रकाराचे रेल्वेप्रवाशांना परिचित असलेले उदाहरण म्हणता येईल. त्यांतील बहुतेक जण त्याविषयी कधीच बोलत नाहीत आणि म्हणून प्रत्येकाला आपण एकटेच असे आहोत असे वाटते.

नवमातांच्या बाबतीत या मौनाची किंमत विशेष मोठी असते. कॅनडात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जवळपास निम्म्या नवमातांनी आपल्याच बाळाला मुद्दाम इजा करण्याचे नकोसे विचार मनात येऊन गेल्याचे सांगितले. असा विचार येणे म्हणजे तशी इच्छा असणे नव्हे. बहुधा बाळाच्या सुरक्षेची अतिदक्षताच त्यामागे असते. परंतु विचार दडपण्यासाठी आई बाळाला हातात घेणेच टाळू लागते, आणि मग टाळण्यामुळे भीती पक्की होते.

दडपल्याने विचार बळावतो, यासाठी डॅनियल वेग्नर यांचा १९८७ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. सहभागी व्यक्तींना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगण्यात आले, तरीही अस्वल येतच राहिले. पुढे मुभा दिल्यावर, सुरुवातीपासून मुभा असलेल्या गटापेक्षा त्यांच्या मनात ते अधिक वेळा आले.

स्वतःला माफ केले तर सुधारण्याची इच्छाच संपेल, ही शंका सर्वाधिक घेतली जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांच्या २०१२ मधील प्रयोगांचे निष्कर्ष या शंकेच्या विरुद्ध आहेत. परीक्षेत कमी गुण मिळाल्यावर ज्यांना स्वतःकडे समजुतीने पाहण्यास उद्युक्त केले गेले, त्यांनी पुढील परीक्षेसाठी इतरांपेक्षा अधिक वेळ अभ्यास केला. अर्थात प्रयोगशाळेतील परीक्षा आणि आयुष्यातील गुन्हा यांत अंतर आहे, आणि एवढ्या पुराव्यावर फार मोठी इमारत उभारता येणार नाही.

महाराष्ट्रातील प्रसार

कि. मो. फडके यांचा एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार होता. या विचारपद्धतीचा भारतात प्रसार करणाऱ्यांमध्ये त्यांचे स्थान अग्रणी मानले जाते. त्यांच्या शिष्या, मानसशास्त्रज्ञ अंजली जोशी यांनी ‘मी अल्बर्ट एलिस’ ही चरित्रात्मक कादंबरी लिहिली. त्यामुळे एलिस हे नाव मानसशास्त्राच्या वर्गाबाहेरील मराठी वाचकांपर्यंत पोहोचले. उपचारकाच्या चरित्रावर कादंबरी वाचून उपचाराची ओळख होणे हा क्रम तसा वेगळाच आहे.

ठाणे शहराचे या विषयाशी असलेले नाते जुने आहे, जरी ते फारसे सुखद नव्हते. येथील शासकीय मनोरुग्णालयामुळे मुंबई परिसरात ‘याला ठाण्याला पाठवा’ हा शब्दप्रयोग वेडाच्या थट्टेसाठी रूढ झाला. कोणाच्याही मनातील अंधाऱ्या गोष्टी उघड होण्याची भीती या थट्टेत सामावलेली होती. याच शहरात १९९० साली आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था स्थापन केली. तिच्या नावात रोगाऐवजी आरोग्याचा उल्लेख आहे. नाडकर्णी यांचे ‘स्वभाव-विभाव’ हे पुस्तक विवेकनिष्ठ पद्धतीची मराठीत ओळख करून देते. संस्थेच्या ‘आवाहन’ या यूट्यूब वाहिनीवरून राग, अपराधभाव, मत्सर अशा विषयांवर मराठीत संवाद साधला जातो. कल्याण, डोंबिवली, ठाकुर्ली या उपनगरांतील लोकांसाठी ठाणे हे लोकलच्या अंतरावरचे शहर आहे. आपल्या वस्तीतील ओळखीच्या माणसांना न दिसता समुपदेशनासाठी जाता येणे, ही त्यातली एक सोय नाकारता येत नाही.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात ही संकल्पना सर्वांत कठोर कसोटीला लागते. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र अनिल व सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केले. आनंद नाडकर्णी यांचाही त्याच्या उभारणीत सहभाग होता. अनिल अवचट यांच्या ‘गर्द’ या पुस्तकातील लेखन आणि पु. ल. व सुनीता देशपांडे यांचे आर्थिक साहाय्य यांचा केंद्राच्या स्थापनेशी संबंध आहे. व्यसनी माणूस गुन्हेगार नसून आजारी आहे, ही येथील भूमिका. व्यसनामागे अनेकदा स्वतःविषयीची घृणा असते, आणि ती घृणा विसरण्यासाठी पुन्हा व्यसन केले जाते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मारलॅट यांनी या फेऱ्याचा एक टप्पा नेमका टिपला आहे. व्यसन सुटल्यावर एखादा पेला घेतला गेला तर पेल्यापेक्षा ‘आता सगळे संपलेच, मी असाच’ हा निष्कर्ष माणसाला पूर्ण घसरणीकडे नेतो.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांपैकी चौथी पायरी स्वतःच्या दोषांचा निर्भय आढावा घेण्याची आणि पाचवी तो दुसऱ्या माणसासमोर मान्य करण्याची आहे. आशयाने ही पायरी आत्मस्वीकाराच्या जवळची असली तरी एलिस यांना त्या चळवळीतील ‘मी मद्यपी आहे’ ही ओळख मान्य नव्हती. तीही त्यांच्या मते माणसावर लावलेली पाटीच. ज्यांना या ओळखीने तारले आहे, असे अनेक जण मात्र हा आक्षेप फारसा मनावर घेत नाहीत.

गैरसमज आणि टीका

स्वीकार म्हणजे परवाना, हा सर्वांत मोठा गैरसमज. ‘स्वभावाला औषध नाही’ आणि ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ या म्हणींमध्ये स्वीकाराचा आभास आहे, प्रत्यक्षात त्या शरणागती सांगतात. ‘मी तापटच आहे, सांभाळून घ्या’ असे म्हणणारा माणूस आपला राग स्वीकारत नसतो, तो इतरांनी स्वीकारावा अशी मागणी करत असतो. घरात हात उगारणाऱ्याच्या संदर्भात हा फरक शाब्दिक राहत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा कृती पाहतो, स्वभावाची सबब ऐकत नाही. विवेकनिष्ठ पद्धतीही येथे कायद्याच्याच बाजूची आहे, कारण व्यक्तीला निकालातून मोकळे केल्यावर कृतीची जबाबदारी टाळायला जागा उरत नाही. ‘मी राक्षस आहे’ असे म्हणून रडणाऱ्यापेक्षा ‘मी मारले’ असे म्हणणाऱ्याकडून बदलाची अपेक्षा अधिक करता येते.

कृती आणि कर्ता यांची अशी फारकत करता येते का, हा तात्त्विक आक्षेपही घेतला जातो. आयुष्यभराच्या कृतींची बेरीज म्हणजेच माणूस, असे मानणाऱ्यांना एलिस यांचा भेद सोयीस्कर वाटतो. यावर विवेकनिष्ठ पंथाचे उत्तर असे की आयुष्य संपेपर्यंत ही बेरीज पूर्ण होत नाही.

एलिस स्वतः चुकांपासून मुक्त नव्हते. समलैंगिकतेला विकार मानून तिच्या ‘उपचारा’विषयी त्यांनी १९६५ मध्ये पुस्तक लिहिले होते. पुढे त्यांनी ही भूमिका बदलली. काय स्वीकारायचे आणि काय बदलायचे हे ठरवताना त्या काळाचे पूर्वग्रह उपचारकाच्या खुर्चीत बसलेले असतात, याचे हे ठळक उदाहरण आहे.

स्वीकार हा प्रत्येक आजारावरील उपचारही नाही. नकोशा विचाराने घाबरणे वेगळे, आणि इजा करण्याची योजना आखली जाणे, आज्ञा देणारे आवाज ऐकू येणे किंवा जगणे नकोसे होणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात तातडीची वैद्यकीय मदत लागते. प्रसूतीनंतरच्या तीव्र मनोविकाराला हे विशेषत्वाने लागू आहे. २०२२ पासून केंद्र शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

मराठी नाट्य व साहित्यात

नकाराचे मराठीतील सर्वांत प्रसिद्ध वाक्य नाटकाच्या शीर्षकातूनच आलेले आहे. आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ (१९६२) या नाटकात प्रभाकर पणशीकर यांनी साकारलेला लखोबा लोखंडे आपली वेगवेगळी रूपे न्यायालयात शांतपणे नाकारत जातो. हे शीर्षक पुढे हात झटकणाऱ्या कोणालाही उद्देशून वापरले जाऊ लागले. विजय तेंडुलकर यांच्या ‘गिधाडे’ आणि ‘सखाराम बाइंडर’ या नाटकांवर सत्तरच्या दशकात वादळ उठले. मध्यमवर्गीय घरातील लोभ आणि हिंसा रंगमंचावर पाहण्यास प्रेक्षकांचा मोठा भाग तयार नव्हता. लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये याउलट सूर दिसतो. पती नारायण वामन टिळक यांचा तापटपणा त्यांनी लपवलेला नाही, आणि त्या तापटपणावरून माणसाचा निकालही दिलेला नाही.

या विषयाला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रश्न मात्र दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनातून उभा राहतो. तेथे शहरात स्थिरावलेला, लेखक म्हणून ओळखला जाणारा दया पवार आणि गावकुसाबाहेर वाढलेला दगडू मारुती पवार अशी एकाच माणसाची दोन रूपे समोरासमोर येतात. दगडू ही ‘अंधारी बाजू’ आहे का? त्याची लाज वाटते ती त्याच्या एखाद्या कृतीमुळे नाही. ती जातिव्यवस्थेने बाहेरून आत घातलेली आहे. अशा लाजेला स्वतःचा दोष समजून तिचा ‘स्वीकार’ करायला सांगणे हा अन्याय ठरेल. म्हणून काही अभ्यासक आत्मस्वीकाराच्या आधी एक पायरी मानतात: लाज कोणाच्या मालकीची आहे हे तपासण्याची. ‘बलुतं’मध्ये दगडूला गप्प केले जात नाही. कहाणी सांगतो तो दगडू, आणि दया पवार ती ऐकतो.